बिडाचा ब्लॉक की अ‍ॅल्युमिनियमचा? परफॉर्मन्स इंजिन बांधणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

शेव्हरोलेटच्या सिल्व्हराडो पिकअपमध्ये १९९९ पासून ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन यायचं. कंपनीच्या यादीत त्याचं नाव एलएम७, ब्लॉक (इंजिनाचं मुख्य धड, ज्यात सिलिंडर असतात) बिडाचा, म्हणजे कास्ट आयर्नचा. २००५ साली त्याच पिकअपच्या काही मॉडेलांत एल३३ नावाचं इंजिन आलं. तेही ५.३ लिटरचंच, पण ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तोच, ९६ मिमी. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, तीच, ९२ मिमी. पिस्टन, हेड आणि कॅममध्ये थोडा फरक होता, पण एकाचा क्रँक दुसऱ्यात बसतो, हेड बसतं, गिअरबॉक्स जोडला जातो, माउंटची भोकंही जुळतात.

बिडाची आणि अ‍ॅल्युमिनियमची तुलना करायची तर याहून चांगलं उदाहरण नाही. बाकी बहुतेक ठिकाणी दोन वेगळ्या कंपन्यांची, वेगळ्या काळातली इंजिनं शेजारी ठेवून वाद चालतो आणि धातूच्या नावावर डिझाइनचे गुण-दोष खपवले जातात. म्हणून या लेखात मी मुख्यतः जनरल मोटर्सचं (शेव्हरोलेटची मालक कंपनी) एलएस कुटुंब धरलंय, वरची दोन्ही इंजिनं त्यातलीच. आपल्याकडे मिळणाऱ्या इंजिनांवर शेवटी येतोच.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. धातू सगळ्यात शेवटी ठरवावा. आधी ताकद किती आणि कशातून काढणार हे ठरवा, मग गाडी बघा, मग जो ब्लॉक हाताशी आहे तो मापा, मग तो ब्लॉक सांभाळू शकणारं मशीन शॉप शोधा. या क्रमाने गेलात तर बहुतेक वेळा धातू आपोआप ठरतो.

आधी धातूंची ओळख

बिडाची घनता दर घनसेंटिमीटरला साधारण ७.२ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमची २.७. या हिशेबाने अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक बिडाच्या जेमतेम चाळीस टक्के वजनाचा व्हायला हवा. प्रत्यक्षात एलएसचा नुसता बिडाचा ब्लॉक शंभर किलोच्या आत-बाहेर आणि अ‍ॅल्युमिनियमचा पन्नासच्या आसपास भरतो. फरक ४० ते ४५ किलोंचा. वजन आणखी का उतरत नाही? कारण अ‍ॅल्युमिनियम लवकर वाकतं. त्याचा ताठरपणा साधारण ७० गिगापास्कल, बिडाचा प्रकारानुसार १०० ते १३०. ही उणीव भरायला भिंती जाड कराव्या लागतात, जागोजागी रिब द्याव्या लागतात, आणि एलएसमध्ये सिलिंडरच्या आत लोखंडी लाइनर (नळीसारखं अस्तर) तर असतोच. पिस्टनच्या रिंगा दोन्ही ब्लॉकमध्ये लोखंडावरच घासतात.

दुसरा आकडा प्रसरणाचा. एक मीटर बीड एका अंशाला साधारण ११ मायक्रॉन वाढतं, अ‍ॅल्युमिनियम २१-२२. म्हणजे जवळपास दुप्पट. बांधणीच्या टेबलावर सगळ्यात जास्त छळणारा आकडा हाच, पुढे त्यावर सविस्तर लिहिलंय.

उष्णता वाहून नेण्यात अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट-अडीचपट सरस आहे. मात्र यावरून "अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक थंड राहतो, म्हणून नॉकिंग कमी" असं जे बोललं जातं त्यात फार दम नाही. नॉकिंगचा (इंधन अवेळी भडकून बसणाऱ्या ठोक्यांचा) संबंध मुख्यतः कंबशन चेंबरशी, आणि चेंबर असतो हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात. सुरुवातीच्या काही ६ लिटर इंजिनांचा अपवाद सोडला तर बिडाच्या एलएस ब्लॉकवरही हेड अ‍ॅल्युमिनियमचंच असतं. तो फायदा दोघांनाही मिळतो.

पायरी १: ताकद किती, आणि कशातून

वहीत दोन गोष्टी लिहा: क्रँकवर किती हॉर्सपॉवर हवी, आणि ती आरपीएम वाढवून काढणार की बूस्ट देऊन, म्हणजे टर्बो किंवा सुपरचार्जरने जास्त हवा कोंबून. या दोन्हींचा ब्लॉकवर पडणारा ताण वेगळा असतो.

आरपीएम वाढला की पिस्टन आणि रॉडचं वजन क्रँकला वर-खाली खेचतं. हा भार मेन कॅपवर (क्रँकला खालून धरून ठेवणारे तुकडे) आणि त्याभोवतीच्या जाळीवर येतो. एलएसचा ब्लॉक इथे मुळातच दणकट आहे. ब्लॉकची भिंत क्रँकच्या मध्यरेषेच्या बरीच खाली उतरते आणि प्रत्येक मेन कॅपला सहा बोल्ट असतात, चार खालून आणि दोन आडवे. त्यामुळे बिनबूस्टच्या, म्हणजे नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड कामाला अ‍ॅल्युमिनियम पुरून उरतं. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधलं ७ लिटरचं एलएस७ कारखान्यातूनच ५०५ हॉर्सपॉवर देत होतं आणि ७,००० आरपीएमपर्यंत फिरत होतं, तेही अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकवर.

बूस्टचं गणित वेगळं. ९६ मिमी बोअरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ७२ चौरस सेंटिमीटर. सिलिंडरमध्ये १०० बार दाब तयार झाला तर पिस्टनवर सव्वासात टनांच्या वर भार येतो. तेवढ्याच जोराने हेड वर उचललं जातं आणि सिलिंडरची भिंत बाहेर ढकलली जाते. दाब १५० बारवर गेला की हाच आकडा अकरा टनांच्या घरात जातो, आणि हा मारा दर स्फोटाला होतो. भिंत किंचित फुगली तरी रिंगा नीट बसत नाहीत, ब्लो-बाय (रिंगांमधून खाली निसटणारा वायू) वाढतो. हेड केसभर उचललं गेलं की गॅस्केट जातं. अशा ठिकाणी ताठरपणाचे ते १०० विरुद्ध ७० आकडे खरोखर जाणवतात.

तरीही "बूस्टला अ‍ॅल्युमिनियम चालत नाही" हे मला मान्य नाही. २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ मधलं सुपरचार्जर लावलेलं एलएस९ अ‍ॅल्युमिनियमचं होतं आणि ६३८ हॉर्सपॉवर वॉरंटीसकट देत होतं. फोर्डने २०११ साली शेल्बी जीटी५०० मधला ५.४ लिटरचा बिडाचा ब्लॉक काढून अ‍ॅल्युमिनियमचा बसवला आणि साधारण ४६ किलो वाचवले. तेही सुपरचार्ज्ड इंजिन होतं. उलट बाजूला, १९८३ साली नेल्सन पिकेने ब्रॅबम गाडीतून फॉर्म्युला वनचं विजेतेपद मिळवलं ते बीएमडब्ल्यूच्या दीड लिटर टर्बो इंजिनावर, आणि त्याचा ब्लॉक नेहमीच्या उत्पादनातल्या बिडाच्या ब्लॉकवर बेतलेला होता.

माझा कौल असा: नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड असेल तर धातूची चिंता सोडा. बूस्टवर ६००-६५० हॉर्सपॉवरपर्यंत जो ब्लॉक चांगल्या स्थितीत मिळेल तो घ्या. बूस्टवर ८०० च्या पुढे जायचं आणि खिसा मर्यादित असेल तर बीड घ्या, दुसरा विचारही करू नका. मधल्या पट्ट्यात पुढच्या पायऱ्या निकाल देतात.

ट्यूनिंगचा हात अजून बसलेला नसेल तर तेही या पायरीवरच मोजा. चुकीच्या टायमिंगमुळे किंवा निकृष्ट पेट्रोलमुळे दोन-चार वेळा जोरात नॉकिंग झालं तर बिडाचा ब्लॉक ते पचवून जाण्याची शक्यता जास्त असते. पिस्टन मात्र दोन्हीकडे सारखाच फुटतो.

पायरी २: ४० किलो नेमके कुठे बसणार

वजनाच्या बाबतीत किती किलो यापेक्षा कुठे, हे महत्त्वाचं. समजा १,२५० किलोची, पुढे-मागे निम्मं-निम्मं वजन असलेली गाडी आहे आणि तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचं व्ही-८ बसलंय. त्याजागी बिडाचा ब्लॉक घातला आणि ४२ किलो पूर्णपणे पुढच्या अ‍ॅक्सलवर आले असं धरलं, तर पुढचा वाटा ५० वरून साधारण ५१.६ टक्के होतो. इंजिन अ‍ॅक्सलच्या थोडं मागे असेल तर याहूनही कमी.

एवढ्याने सरळ रेषेत पळणाऱ्या ड्रॅगच्या गाडीचं फार बिघडत नाही. सर्किटवर मात्र हा फरक हातांना कळतो. वळणात शिरताना नाक जड वाटतं, पुढचे टायर लवकर तापतात, वीस-पंचवीस मिनिटांच्या सत्रात ब्रेकवरचा ताण वाढतो. लहान, हलकी गाडी असेल आणि घाट किंवा सर्किट हेच तिचं काम असेल तर अ‍ॅल्युमिनियमसाठी जादा पैसे मोजणं मला पटतं.

पण आधी बाकीचं वजन उतरवा. बॅटरी डिकीत नेणं, हलका फ्लायव्हील, ट्यूब्युलर हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या), गरज नसलेली एसी यंत्रणा काढणं, यातून पुढचं बरंच वजन अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकपेक्षा स्वस्तात जातं. पिकअप किंवा जड एसयूव्ही असेल, ट्रेलर ओढायचा असेल, तर बीड घ्यायला काहीच हरकत नाही.

पायरी ३: समोर ठेवलेला ब्लॉक तपासा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. चांगल्या स्थितीतला "चुकीच्या" धातूचा ब्लॉक हा खराब झालेल्या "बरोबर" धातूच्या ब्लॉकपेक्षा केव्हाही बरा.

धातू ओळखायला साधं चुंबक पुरतं. बाहेरच्या भिंतीला चिकटलं तर बीड. बोअरमध्ये लावून बघू नका, लाइनर लोखंडी असल्याने तिथे दोन्हीकडे चिकटेल.

तडे शोधायची पद्धत धातूनुसार बदलते. बिडाच्या ब्लॉकवर मॅग्नाफ्लक्स चालतं: चुंबकीय क्षेत्र दिलं की लोखंडाची बारीक पूड तड्यावर गोळा होऊन रेघ दिसते. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही, तिथे डाय पेनेट्रंट वापरावं लागतं. लाल रंग फवारायचा, पुसायचा, वर पांढरी पावडर मारायची. तड्यात मुरलेला रंग पावडरवर उमटतो. दोन्ही ब्लॉकची पाण्याच्या जॅकेटची प्रेशर टेस्ट करून घ्या. जुन्या ब्लॉकवर हा खर्च टाळू नये.

मग बोअर. डायल बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर तीन उंचीवर मापायचा: वरची रिंग थांबते त्याच्या जरा खाली, मध्ये आणि तळाशी. प्रत्येक उंचीवर दोनदा, क्रँकच्या दिशेने आणि त्याला काटकोनात. आठ सिलिंडरचे अठ्ठेचाळीस आकडे होतात, सगळे कागदावर उतरवा. वर-खालचा फरक म्हणजे टेपर, दोन दिशांमधला फरक म्हणजे लंबगोलपणा. हे आकडे हातात आल्यावरच नुसतं होनिंग (दगडाने बारीक घासणं) पुरेल की बोअर वाढवावा लागेल ते कळतं. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत बोअर वाढवावा लागणं ही वाईट बातमी असते.

बिडाचा ब्लॉक असेल तर सोनिक टेस्ट करून घ्या. अल्ट्रासाउंडच्या प्रोबने सिलिंडरच्या भिंतीची जाडी मोजतात. ओतकामाच्या वेळी साच्यातला कोअर थोडा सरकलेला असतो, त्यामुळे एकाच सिलिंडरची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघू शकते. पातळ बाजू थ्रस्टच्या अंगाला (जिकडे पिस्टन जोराने दाबतो) आली असेल तर त्या ब्लॉकवर मोठा बूस्ट देऊ नये. ५.३ चा बिडाचा ब्लॉक ९९ मिमीपर्यंत, म्हणजे ५.७ लिटर एलएस१ च्या बोअरपर्यंत वाढवणारे खूप आहेत. पण ते सोनिक टेस्टचा कागद बघूनच करावं, आणि बूस्टवर चालवायचा असेल तर बोअर जेवढा कमी वाढवाल तेवढं उत्तम. ६ लिटरचा बिडाचा ब्लॉक १०१.६ वरून १०२.४ मिमी करून त्यात १०१.६ मिमी स्ट्रोकचा क्रँक घातला की ४०८ घनइंच, म्हणजे जवळपास ६.७ लिटर होतात. अमेरिकेतली ही आवडती बांधणी आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या एलएस१ मध्ये असली मोकळीक नाही. ओततानाच आत बसवलेला लाइनर पातळ आहे. होन मारून काही शतांश मिलिमीटर काढता येतात, त्यापुढे जायचं तर लाइनर काढून नवे जाड स्लीव्ह बसवायचे. ते काम होतं आणि झाल्यावर ब्लॉक पहिल्यापेक्षा दणकटही होतो, पण खर्च बघितला की दुसरा ब्लॉक घेतलेला बरा वाटतो.

अ‍ॅल्युमिनियममध्ये आणखी तीन गोष्टी बघा.

एक, लाइनर खाली सरकलाय का. ब्लॉकच्या वरच्या फेसवर स्ट्रेट एज ठेवून लाइनरच्या कडेला फीलर गेज घालून पाहा. नखालाही पायरी लागत असेल तर गॅस्केट तिथे टिकणार नाही.

दोन, इंजिन कधी भयंकर तापलं होतं का. अ‍ॅल्युमिनियमच्या ओतीव भागाला मजबुती हीट ट्रीटमेंटमधून मिळते आणि जास्त तापलं तर ती उतरते. डोळ्यांना काही दिसत नाही, फेसिंग करून ब्लॉक नवा दिसू लागतो, पण हेड बोल्टचे आटे मऊ पडलेले असतात. मशीन शॉपमध्ये हार्डनेस टेस्टर असेल तर डेकवर (ब्लॉकच्या वरच्या फेसवर) दोन-तीन जागी कडकपणा मोजून घ्या. पाण्याशिवाय पळवलेल्या इंजिनाचा अ‍ॅल्युमिनियम ब्लॉक फुकट मिळाला तरी मी घेणार नाही.

तीन, आटे. प्रत्येक हेड बोल्टच्या भोकात आटे साफ करणारा चेझर फिरवा. नवा टॅप घालू नका, तो चांगला माल कापतो. गेलेल्या आट्यात हेलिकॉइल (तारेचा आटा) किंवा भरीव बुश-इन्सर्ट घालता येतो आणि तो मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यापेक्षा मजबूतही ठरतो. अशी दुरुस्ती आधी झाली असेल तर घाबरू नका, मात्र इन्सर्ट फेसच्या वर आलेला नाही ना, एवढं बघा.

शेवटी मेन कॅप काढून कॅप आणि ब्लॉक जिथे टेकतात ती जागा उजेडात धरा. तिथे करडे, घासल्यासारखे डाग दिसले तर कॅप चालत्या इंजिनात हलत होती. लाइन होनिंग (सगळ्या मेन बेअरिंगच्या जागा एका रेषेत घासणं) करावं लागेल, आणि आधीच्या मालकाने ब्लॉक किती पिळलाय त्याचाही अंदाज येतो.

डेक आणि बोअरचा पृष्ठभाग

एलएसच्या बाहेर गेलात तर हे दोन प्रश्न जरूर विचारा. पहिला: ब्लॉकचा डेक उघडा आहे की बंद? उघड्या डेकमध्ये सिलिंडर वरच्या टोकाला पाण्यात मोकळे उभे असतात, त्यांना आजूबाजूने आधार नसतो. होंडाच्या डी मालिकेतली अ‍ॅल्युमिनियमची इंजिनं अशी आहेत. रोजच्या वापरात, अगदी मध्यम ट्यूनिंगमध्येही काही अडचण येत नाही, पण बूस्ट चढला की सिलिंडरचं वरचं टोक हलायला लागतं. मग डेकमध्ये आधाराचे तुकडे बसवणं किंवा वरून बंद होणारे स्लीव्ह घालणं आलं.

दुसरा: बोअरवर लाइनर आहे की कोटिंग? काही ब्लॉकमध्ये लाइनर नसतोच. कुठे जास्त सिलिकॉन असलेल्या अ‍ॅल्युमिनियमचाच बोअर असतो, कुठे निकेलचा मुलामा असतो, तर निसान जीटी-आरच्या व्हीआर३८ सारख्या इंजिनात प्लाझ्माने लोखंडी थर फवारलेला असतो. १९७१ ची शेव्हरोलेट व्हेगा बिनलाइनरच्या अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकवर आली आणि तापून खराब होणाऱ्या बोअरमुळे बदनाम झाली. आजची तंत्रं त्यापेक्षा कितीतरी पुढे गेली आहेत. तरीही असा ब्लॉक नेहमीच्या होनिंग दगडांच्या हाती देऊ नका. ज्या शॉपला त्या पृष्ठभागाचं तंत्र माहीत आहे तिथेच न्या.

पायरी ४: बांधणीत धातू कुठे आडवा येतो

एलएसच्या डेकची उंची २३४.७ मिमी. इंजिन २० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक तेवढ्या उंचीत साधारण ०.३५ मिमी वाढतो, बिडाचा ०.१८. क्रँक आणि रॉड दोन्हीकडे लोखंडी जातीचेच. म्हणजे गरम झाल्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनात पिस्टन आणि हेडमधलं अंतर बिडापेक्षा जास्त उघडतं. जुळणी करताना हे अंतर थोडं कमी ठेवायला वाव मिळतो.

याचाच परिणाम टॅपेटवर. हायड्रॉलिक लिफ्टर असतील तर ते स्वतःच भरून काढतात. सॉलिड लिफ्टरचा कॅम असेल तर कॅमच्या कागदावर दिलेला गरम लॅश (व्हॉल्व्हच्या यंत्रणेतली मोकळीक) थंड इंजिनावर तसाच धरता येत नाही. प्रचलित हिशेब असा: बिडाचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड असेल तर थंड इंजिनावर लॅश सहा थाऊंनी (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी ठेवायचा, दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर बारा थाऊंनी. ही सुरुवात आहे. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा मापून पक्कं करायचं.

मेन बेअरिंगच्या क्लिअरन्सला सर्वांत जास्त वेळ द्या. जुना ठोकताळा असा की जर्नलच्या (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) दर इंच व्यासाला एक थाऊ. एलएसचा मेन जर्नल ६५ मिमी, म्हणजे अडीच थाऊ. बिडाच्या ब्लॉकला हा आकडा थंड इंजिनातही तसाच चालतो. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये बेअरिंगची जागा गरम झाल्यावर क्रँकपेक्षा जास्त पसरते आणि क्लिअरन्स उघडतो. खालची कॅप लोखंडी जातीची असल्याने सगळं प्रसरण तिथे उतरत नाही, पण फरक पडतोच. म्हणून थंड इंजिनात दोन थाऊंच्या आसपास ठेवा. बिडाच्या सवयीने तीन थाऊ ठेवले तर गरम इंजिनात आयडलला ऑइल प्रेशर पडलेलं दिसेल आणि पंपाला उगाच दोष दिला जाईल.

क्रँक आणि ब्लॉक एकाच खोलीत रात्रभर ठेवून मगच मापा. ब्लॉक क्रँकपेक्षा दहा अंशांनी जरी गरम असला तरी १०० मिमी अ‍ॅल्युमिनियम ०.०२ मिमी फुगलेलं असतं, आणि तुम्ही मापताय तो अख्खा क्लिअरन्सच ०.०५ मिमी आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी घेतलेल्या मापांवर विसंबू नका.

हेडसाठी स्टड घ्या, विशेषतः अ‍ॅल्युमिनियममध्ये. कंपनीचे बोल्ट एकदा ताणून बसवायचे आणि काढल्यावर टाकून द्यायचे असतात. शिवाय प्रत्येक वेळी टॉर्क देताना बोल्ट ब्लॉकच्या आट्यात घासत फिरतो. स्टड हाताने बसवला की ब्लॉकच्या आट्यात पुन्हा फिरणं नाही, ताण वरच्या बारीक आट्यांच्या नटवर दिला जातो. इंजिन वारंवार उघडणाऱ्यांचा ब्लॉक यामुळे वर्षानुवर्षं टिकतो.

आता एक सूचना दोन्ही धातूंसाठी. एलएसच्या ब्लॉकमधली हेड बोल्टची भोकं खालून बंद असतात. हेड काढताना त्यात कूलंट आणि ऑइल उतरतं. तसंच बोल्ट आवळला तर अडकलेल्या द्रवाला जायला जागा नसते आणि ब्लॉकला भोकाच्या बाजूने तडा जातो. प्रत्येक भोकात बारीक नळीने हवा मारा, वर फडकं धरा, मग टॉर्च लावून तळ कोरडा आहे का पाहा. तळ दिसल्याशिवाय बोल्ट लावू नका.

होनिंग टॉर्क प्लेट लावूनच झालं पाहिजे. हेड आवळल्यावर बोअरचा आकार बदलतो, अ‍ॅल्युमिनियममध्ये जास्तच. जाड प्लेट हेडसारखी आवळून, त्याच गॅस्केटवर आणि त्याच स्टडवर, बोअर गोल केला तर हेड बसल्यावरही तो गोल राहतो.

कूलंटबद्दल थोडक्यात: अ‍ॅल्युमिनियममध्ये बोअरवेलचं किंवा नळाचं पाणी घालू नका. क्षारांमुळे अ‍ॅल्युमिनियम खात जातं आणि गॅस्केटच्या कडेला खड्डे पडतात. डिमिनरलाइज्ड पाणी आणि योग्य कूलंट. बिडालाही हेच लागू, फक्त तिथे गंज चढून जॅकेटच्या तळाशी गाळ साचतो.

पायरी ५: आपल्याकडची निवड

भारतात एकाच इंजिनाचे दोन धातू निवडायला मिळणं दुर्मीळ. इथे गाडी निवडली की ब्लॉक ठरलाच. आपल्या रॅलींमध्ये गाजलेल्या गाड्या बघा: मारुतीच्या एस्टीम आणि जिप्सीतलं सुझुकीचं जी१३ अ‍ॅल्युमिनियमचं, तर मित्सुबिशी सेडियाचं ४जी९४ बिडाचं. ट्यूनिंगवाल्यांच्या लाडक्या स्कोडा-फोक्सवॅगनमध्ये १.८ आणि २.० टीएसआयचा (टर्बो पेट्रोल इंजिन) ईए८८८ ब्लॉक बिडाचा, नंतर आलेला १.० टीएसआय अ‍ॅल्युमिनियमचा. ऑक्टाव्हिया व्हीआरएस मोठ्या टर्बोला दाद देते त्यामागे हा बिडाचा ब्लॉक हेही एक कारण आहे.

मशीन शॉपच्या दृष्टीने बीड आपल्याकडे सोयीचं. कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव पट्ट्यातल्या फाउंड्री बिडाच्याच कामावर मोठ्या झाल्या. बोअर मारणं, लाइनर ठोकणं, लाइन बोरिंग ही कामं तालुक्याच्या गावीही होतात. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये स्लीव्ह बसवायचा तर ब्लॉक भट्टीत सारखा तापवून, स्लीव्ह गार करून, नेमक्या इंटरफिअरन्सवर (भोकापेक्षा स्लीव्ह किंचित मोठा ठेवून) बसवावा लागतो आणि नंतर डेक पुन्हा फेस करावा लागतो. हे नीट करणारी शॉप्स मोजकी आहेत. काम द्यायच्या आधी त्यांनी केलेला एखादा ब्लॉक प्रत्यक्ष बघा, आणि टॉर्क प्लेट तुमच्या इंजिनाची आहे का ते विचारा. नसेल तर बनवून घ्यायचा खर्च धरून चला.

रस्त्यावरच्या गाडीचा ब्लॉक बदलणार असाल तर इंजिन नंबर ब्लॉकवरच कोरलेला असतो आणि तोच आरसीवर असतो, हे लक्षात घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. ब्लॉक विकत घेताना बिल आणि मूळ नंबरचा पुरावा मागून घ्या. स्पर्धेसाठी बांधत असाल तर ज्या क्लासमध्ये उतरणार त्याची नियमावली आधी वाचा. कित्येक क्लासमध्ये मूळ ब्लॉक सक्तीचा असतो, आणि बोअर किती वाढवायचा यालाही मर्यादा असते.

मशीन शॉपला द्यायचा कागद

तोंडी सांगू नका, लिहून द्या. पिस्टन आधी विकत घेऊन शॉपमध्ये नेऊन द्या आणि कागदावर पिस्टन बनवणाऱ्याने दिलेला क्लिअरन्स लिहा. प्रत्येक बोअर त्याच्या पिस्टनच्या मापाने होऊ दे. होनिंग टॉर्क प्लेट लावून, प्रत्यक्ष वापरायच्या गॅस्केट आणि स्टडसह. होनिंगनंतर लंबगोलपणा आणि टेपर ०.०१ मिमीच्या आत. मेन स्टड बदलले असतील तर ते टॉर्क देऊन लाइन बोअर तपासायचा, लागलं तर होन करायचा, आणि हे बोअरच्या आधी. डेक क्रँकच्या मध्यरेषेला समांतर. धातूच्या थरांचं एमएलएस गॅस्केट वापरत असाल तर फेसचा खरखरीतपणा ५० मायक्रोइंच आरए (सरासरी) किंवा त्याहून कमी. धुण्याआधी ऑइल गॅलरीचे सगळे प्लग काढायचे, आणि अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक कॉस्टिकच्या गरम टाकीत बुडवायचा नाही. कॉस्टिक बिडाला काही करत नाही, पण अ‍ॅल्युमिनियम विरघळवतं. ही ओळ कागदावर सगळ्यात वर, लाल शाईने लिहा.